पट्टी, क्रमांक आणि तुमचे साठ दगड

दगडांच्या संग्रहाची फोटो आणि क्रमांकांसह नोंद कशी ठेवावी, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. मथितार्थ असा: घरातल्या साठेक दगडांसाठी (झिओलाइट, म्हणजे बेसॉल्ट या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत वाढणारे स्फटिक, आणि त्यांच्या सोबतची खनिजं) संग्रहालयाची शिस्त कशाला, फोनने फोटो काढून अल्बम केला की झालं; शिवाय फोटोत मोजपट्टी आली की दगडाची शोभा जाते.

फोनचं म्हणणं मान्य. लेखात कॅमेरा, मॅक्रो लेन्स असा जो थाट मांडला होता, तो मुठीएवढ्या दगडाला लागत नाही. काळी मखमलही मागे घेतो. तिचे तंतू स्टिल्बाइट स्फटिकांच्या कडांत अडकतात आणि काळा बेसॉल्ट तिच्यात विरून जातो, दगडाची कडच दिसत नाही. फिकट करडा कार्डपेपर बरा.

पट्टी मात्र सोडणार नाही. शोभेची काळजी असेल तर एकाच मांडणीत दोन फोटो घ्या, एक पट्टीसह, एक पट्टीविना. चूक होते ती पट्टी टेबलावर ठेवण्यात. समजा, वरून फोटो घेताना फोन टेबलापासून ३० सेंमीवर आहे आणि दगड ६ सेंमी उंच. म्हणजे दगडाचा माथा लेन्सपासून २४ सेंमीवर. माथ्यावरचा ४ सेंमीचा अपोफिलाइटचा स्फटिक त्या पट्टीने मोजला तर ५ सेंमी भरतो! पट्टीखाली खोडरबर रचून ती स्फटिकाच्या पातळीला आणा. फोन ६० सेंमीवर नेऊन दुप्पट झूम केलात तर उरलीसुरली चूकही कमी होते.

फोटो सर्वांत जास्त फसतात ते उजेडात. फोन काळ्या बेसॉल्टकडे पाहून उजेड वाढवतो आणि पांढऱ्या स्फटिकांचा नुसता चुना होतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या स्फटिकावर बोट टेकवून उजेड खाली ओढा, कडा दिसू लागेपर्यंत. दिवा एकच पुरे, समोर बटर पेपर लावून, वरच्या डाव्या बाजूने. उजवीकडे उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा. उजेड खालून आला तर डोळा फसतो, पोकळी फुगवट्यासारखी दिसते. आपले दगड म्हणजे पोकळ्यांचाच कारभार, तेव्हा हे जपायलाच हवं. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र नको, अर्धा दगड निळसर आणि अर्धा पिवळसर येतो.

फोटोआधी दगड पुसायचा मोह होतो. ओकेनाइटच्या केसासारख्या स्फटिकांचा कापूस ब्रशने एकदा चपटा झाला की पुन्हा उभा राहत नाही. त्याला फक्त फुंकणीची हवा, तीही लांबून.

आता क्रमांक. तो अल्बममध्ये नको, दगडावर हवा. बेसॉल्टच्या मागच्या बाजूला पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा छोटा ठिपका, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने आकडा, वर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पारालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा थर. नेलपॉलिश कालांतराने पिवळं पडून सुटतं. मागची बाजू क्रमांकासह आणि जुनी चिठ्ठी, यांचेही फोटो घ्या. फाइलच्या नावात तोच क्रमांक आणि तारीख.

फोनच्या दोन गोष्टी. घरी काढलेल्या फोटोत, फोनचं लोकेशन चालू असेल तर, ठिकाण म्हणून तुमच्या ऐरोलीच्या घराचा पत्ता चिकटतो. दगड सापडल्याचं ठिकाण वेगळं लिहावंच लागतं, आणि नुसतं ‘नवी मुंबई’ लिहून भागत नाही. तुर्भ्याची की पारसिकच्या डोंगराची, कोणती खाण, हे हवं. खाणीवर उद्या इमारत उभी राहिली की ती चिठ्ठीच पुरावा. फोटो कुणाला देताना मात्र घराचा पत्ता काढून टाका. दुसरं, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि तारखेची माहिती गळते. तिथून परत उतरवलेला फोटो नोंद म्हणून ठेवू नका, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

‘एवढं कशासाठी’ याचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. लॉमोंटाइट हा झिओलाइट कोरड्या हवेत पाणी सोडून भुसभुशीत होतो. एसीच्या खोलीतलं कपाट त्याला मानवत नाही. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचं उलट, आपल्या पावसाळी दमटपणात तो कुजतो, आम्ल सोडतो आणि खालची चिठ्ठीही खातो. हे दोन्ही बदल हळू चालतात, रोजच्या नजरेला कळत नाहीत. त्याच उजेडात, त्याच कोनातून घेतलेला मागच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतात. म्हणून साठही दगडांना वर्षाकाठी फोटो नकोत. या दोघांचे मात्र घ्या, एकदा मे महिना संपताना, एकदा दसऱ्यानंतर. बाकीच्यांचे एकदाच, पण पट्टीसकट.