सप्टेंबरातच तिरडी बांधू नका

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, पहिल्या रविवारचे सामने संपले की सोमवारी सकाळी आमच्याकडे ऑफिसात दोनच जातीची माणसं भेटतात. एक, ज्यांच्या टीमने फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, आत्ताच खिशात घातलेला असतो. दुसरी, ज्यांना कोचला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवायचं असतं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही वेगळं काही नसतं. गणपती आणि एनएफएलचा हंगाम साधारण एकाच सुमाराला येतात, त्यामुळे आरतीची वेळ, मोदकांची ऑर्डर आणि "हर्ट्सला बेंचवर बसवा" हे मेसेज एकाखाली एक पडत असतात. (हर्ट्स म्हणजे ईगल्सचा क्वार्टरबॅक, पास फेकणारा मुख्य खेळाडू.)

माझं म्हणणं एवढंच की सप्टेंबरमधला निकाल गुणतक्त्यात जरूर मांडा, पण त्यावरून टीमची लायकी ठरवू नका. ही दोन वेगळी खाती आहेत. आपण ती एकत्र करतो आणि मग नोव्हेंबरमध्ये तोंड लपवत फिरतो.

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, ईगल्सवाला आहे, म्हणून २०२४ चंच सांगतो. त्या वर्षी पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, न्यू ऑर्लीन्स सेंट्स. पहिल्या सामन्यात त्यांनी कॅरोलायना पँथर्सचा ४७-१० असा चुराडा केला. दुसऱ्यात डॅलसला जाऊन काउबॉइजना त्यांच्याच मैदानावर ४४-१९. त्या सामन्यात सेंट्सच्या हातात चेंडू आला तेव्हा पहिल्या सहाच्या सहा वेळा टचडाउन झाला (म्हणजे चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात नेला), आणि त्यातले चार एकट्या अल्विन कमाराचे. दोन सामन्यांत ९१ गुण! हल्ल्याची आखणी करणारा नवा कोच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर क्लिंट कुबियाक जादूगार ठरला, क्वार्टरबॅक डेरेक कार पुन्हा तरुण झाला, टीव्हीवरच्या पंडितांच्या यादीत सेंट्स भराभर वर चढले.

त्याच आठवड्यात आमचा शिमगा चालू होता. सोमवारी रात्री अटलांटा फाल्कन्सविरुद्ध सामना जिंकल्यात जमा होता. आमचा नवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा गडी) साक्वॉन बार्कलीने एक सोपा पास धरला असता की झालं, घड्याळ संपवून घरी. त्याच्या हातातून तो सुटला. आम्ही फील्ड गोलवर (लाथेने मारलेल्या तीन गुणांवर) समाधान मानलं, मग त्यांचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने बघता बघता मैदान पार केलं आणि ३४ सेकंद शिल्लक असताना टचडाउन. २२-२१, हरलो. बार्कलीवर एवढे पैसे कशाला उधळले, इथपासून प्रश्न सुरू झाले. (हाच बार्कली त्या हंगामात २००० यार्डांपुढे धावला. असो.)

पुढच्या रविवारी सेंट्स विरुद्ध ईगल्स, तेही त्यांच्या सुपरडोममध्ये. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी सामना न बघायची तयारी केली होती. पण पहिल्याच टप्प्यात सेंट्सचा सेंटर एरिक मॅकॉय जखमी होऊन बाहेर गेला. सेंटर म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या बरोबर मधला गडी, पायांमधून चेंडू मागे देणारा. टीव्हीवर त्याचं तोंडही धड दिसत नाही. पण समोरचा डिफेन्स कसा उभा आहे ते वाचून शेजारच्यांना कोणी कोणाला अडवायचं हे तोच सांगतो. तो गेला आणि ९१ गुणांचं ते यंत्र खडखडायला लागलं. सेंट्सचे झाले १२, आमचे १५.

तिथून सेंट्स सलग सात सामने हरले. मध्ये कारलाही दुखापत झाली. सातवा पराभव कोणाकडून? त्याच पँथर्सकडून, ज्यांना पहिल्या रविवारी ३७ गुणांनी चिरडलं होतं. २३-२२. दुसऱ्या दिवशी हेड कोच डेनिस ॲलनला नारळ मिळाला. हंगाम संपला तेव्हा सेंट्स ५-१२, म्हणजे पाच विजय, बारा पराभव.

ईगल्सचंही लगेच सुरळीत झालं असं नाही. चौथ्या आठवड्यात टँपाने ३३-१६ असं धुतलं. पास झेलणारे ए. जे. ब्राउन, डिव्होंटा स्मिथ आणि लाइनमधला राइट टॅकल लेन जॉन्सन, आमचे तिघेही त्या दिवशी बाहेर होते, पण हे ऐकून घ्यायला वेळ कोणाला? २-२ वर बाय वीक, म्हणजे सामना नसलेला आठवडा, आला. पुढच्या सामन्यापर्यंतचे ते दोन आठवडे स्पोर्ट्स रेडिओवर आमच्या हेड कोच निक सिरियानीचं तेराव्यापर्यंतचं सगळं उरकून झालं. बाय वीकनंतरचा सामना जिंकलो तरी लोक त्याच्यावर भडकलेले, आणि तोही भडकून प्रेक्षकांवर ओरडला, मग माफी मागितली.

आतमध्ये मात्र वेगळंच काही शिजत होतं. डिफेन्सचा कोऑर्डिनेटर विक फँजिओ त्या वर्षी नवा होता. झॅक बॉन हा न्यू ऑर्लीन्सहून आलेला, फारसं कोणी न विचारलेला खेळाडू त्याने आतल्या लाइनबॅकरच्या (डिफेन्सच्या मधल्या फळीतल्या) जागी बसवला होता. बाय वीकनंतर कूपर डिजीन या नवख्या पोराला स्लॉट कॉर्नरची (आतल्या बाजूचा पास अडवणाऱ्याची) जागा दिली. हर्ट्सच्या पूर्ण हंगामातल्या इंटरसेप्शनपैकी (प्रतिस्पर्ध्याने पळवलेल्या पासांपैकी) बहुतेक पहिल्या तीन सामन्यांतल्याच, पुढे त्याने चेंडू जपला. सलग दहा विजय, १४-३, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला चीफ्सवर ४०-२२ ने सुपर बोल. त्यात डिजीनने आपल्या वाढदिवशी चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सचा पास पळवून टचडाउन केला. सामना कुठे होता? न्यू ऑर्लीन्सला, सुपरडोममध्येच.

आता कोणी म्हणेल, एका वर्षाचं काय घेऊन बसलास. मग २००३ घ्या. हंगामाच्या तोंडावर पेट्रियट्सनी आपला लाडका सेफ्टी (डिफेन्सचा मागचा खेळाडू) लॉयर मिलॉय सोडून दिला. तो बफेलो बिल्सकडे गेला आणि पहिल्याच रविवारी बिल्सनी पेट्रियट्सना ३१-० हाणलं. कोच बेलिचिकवरचा टीमचा विश्वास उडाला, अशी बोंब झाली. शेवटच्या आठवड्यात पुन्हा तीच जोडी, पुन्हा ३१-०, फक्त उलट्या बाजूने. पेट्रियट्स १४-२ आणि सुपर बोल, बिल्स ६-१०. उलट्या दिशेचेही पायलीला पन्नास मिळतील. २०१५ मध्ये फाल्कन्स ५-० होते, २०१६ मध्ये व्हायकिंग्स ५-० होते. दोघेही ८-८ वर थांबले.

हे असं का होतं, याची कारणं गूढ नाहीत. ही मंडळी सप्टेंबरमध्ये खऱ्या अर्थाने सराव करत असतात. २०११ च्या करारानंतर अंगाला अंग भिडवून होणारे सराव कमी झाले, २०२१ पासून प्रीसीझनचे (हंगामाआधीचे सरावाचे) सामने चारावरून तीनावर आले आणि त्यातही मोठे खेळाडू बऱ्याचदा टोपी घालून बाउंड्रीवर उभे. पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनचा मेळ बसायला खरे सामनेच लागतात. त्यात सगळ्यांचे प्रतिस्पर्धी सारखे नसतात. सेंट्सनी झोडलेले पँथर्स आणि काउबॉइज, दोघेही त्या वर्षी हरलेल्या सामन्यांच्या ओझ्याखालीच राहिले. आणि तो लांबुळका चेंडू जमिनीवर पडल्यावर कोणाच्या पोटाखाली जाईल हे ब्रह्मदेवाला ठाऊक. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे हो, पण आधी पातेल्याखाली गॅस तरी पेटू द्या.

मला वाटतं खरा घोळ मधल्या सहा दिवसांचा आहे. २०१५ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स पहिले चारही सामने हरले आणि शेवटी कप घेऊन गेले. तिथे दोन-चार दिवसांत पुढचा सामना येतो, रडायला फुरसत मिळत नाही. एनएफएलमध्ये टीमला अख्ख्या हंगामात सामने १७, आठवड्याला एक. उरलेले दिवस भरायला रेडिओ आहे, टीव्ही आहे, पॉडकास्ट आहेत, पॉवर रँकिंग (पंडितांनी दर आठवड्याला लावलेल्या टीमच्या क्रमवाऱ्या) आहेत. "अजून कळत नाही" एवढंच बोलणाऱ्या माणसाला कोणी चार तासांचा कार्यक्रम देत नाही. मग एका सुटलेल्या पासवर आठवडाभर प्रवचन चालतं.

म्हणजे हरलं तरी बिनधास्त राहा, असं मी म्हणत नाही. सामनेच १७ असल्यामुळे प्रत्येक पराभव महाग पडतो. ०-४ वरून प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठणारी टीम इतिहासात एकच, १९९२ चे सॅन डिएगो चार्जर्स. ०-३ वरून सुपर बोल तर कोणीच जिंकलेला नाही. काळजी जरूर करा. आणि काही गोष्टी पहिल्याच दिवशी कळतात हेही खरं. २०२३ मध्ये ॲरन रॉजर्स जेट्सकडून पहिल्याच सामन्यातल्या चौथ्या स्नॅपला (चौथ्याच डावाला) टाचेमागची अकिलीज शीर तुटून बसला, तेव्हा जेट्सवाल्यांनी डोक्याला हात लावला त्यात उतावीळपणा काही नव्हता.

पण दुखापत वेगळी आणि "ह्यांच्यात दम नाही" वेगळं. मी स्वतः पहिला महिना स्कोअरपेक्षा लाइनकडे बघतो. क्वार्टरबॅकला पास द्यायला वेळ मिळतोय का, तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) किती यार्ड बाकी राहताहेत, कोण बाहेर बसलंय आणि कधी परत येणार. कंटाळवाणं आहे, कबूल. ग्रुपवर यावर एकही लाइक पडत नाही.

फँटसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदी टीम बनवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांना यातून सूट. त्यांना दर आठवड्याला कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हे ठरवावंच लागतं, बिचाऱ्यांची झोप त्यातच जाते. बाकीच्यांनी सिरियानीबद्दल काय ते बाय वीकनंतर बोला, मी पण येतो भांडायला. आणि काउबॉइजवाल्यांनी कमेंटमध्ये "धिस इज अवर इयर" लिहू नये. ते आम्ही १९९६ पासून ऐकतोय.