फुकटच्या पैशांचा प्रयोग करायचाय?

सगळ्यांना दरमहा, बिनशर्त, जगण्यापुरते पैसे दिले तर काय होईल, हे तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. तपासल्यासारखं दिसावं आणि सिद्ध काहीच होऊ नये, एवढं सांभाळा.

आधी 'सगळ्यांना' हा शब्द हळूच गाळा. फिनलंडने 2017 मध्ये 2000 माणसं निवडली, सगळी बेकारभत्त्यावरची. महिन्याला 560 युरो. वर्षभरात भत्त्याचे नियमच कडक झाले. आता फरक पैशांनी पडला की नियमांनी, यावर तज्ज्ञांनी खुशाल भांडावं.

मुदत दोनच वर्षं ठेवा. दोन वर्षांत आटणाऱ्या पैशांच्या भरवशावर कुणी शहाणा नोकरी सोडत नाही की धंदा काढत नाही. मग 'पैशांनी आयुष्य बदलत नाही' असं लिहायला तुम्ही मोकळे. (केनियात एका संस्थेने काही अख्ख्या गावांना 12 वर्षांचा शब्द दिलाय. असल्यांच्या नादी लागू नका.) हे पैसे उभे करायला जो कर लागेल, तो तर प्रयोगात आणूच नका.

प्रश्नावली मात्र जीव ओतून करा. मुख्य रकाना एकच: 'गेल्या आठवड्यात किती तास काम केलंत?' तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसायला एखादीने दोन रात्रपाळ्या सोडल्या, की लिहा: सोळा तास घट. ताप उतरला का, याला रकाना नाही. कॅनडातल्या डॉफिन गावात 1970च्या दशकात असाच प्रयोग झाला. पैसे संपले, सरकार बदललं, कागद 1800 खोक्यांत गेले. त्या काळात तिथे इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण साडेआठ टक्क्यांनी उतरलं होतं आणि जास्त पोरं बारावीपर्यंत टिकली होती, हे इव्हलिन फोर्जे या अर्थतज्ज्ञ बाईंनी जुन्या सरकारी नोंदी उपसून दाखवलं, तेव्हा 2011 साल उजाडलं होतं. तोवर तुम्ही निवृत्त झालेले असाल.

एवढं करूनही आकडे बरे येतील अशी धास्ती वाटलीच, तर कॅनडातल्याच ऑन्टारिओ प्रांताचा रस्ता आहे. 2017 मध्ये सुमारे 4000 लोकांना तीन वर्षांचा शब्द दिला. 2018 मध्ये नवं सरकार आलं आणि त्याने प्रयोगच गुंडाळला. शेवटचा हप्ता मार्च 2019 चा. तीन वर्षांच्या हिशेबाने कुणी कॉलेजात नाव घातलं असेल, तर त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखत बसू नका. प्रश्नावली पाठवायचीच नाही.