नासाने ‘जंगल वाढलं’ असं म्हटलेलंच नाही

एक फॉरवर्ड दर पावसाळ्यात नव्याने उगवतो: ‘नासाच्या उपग्रहांनीच दाखवलं, जग हिरवं होतंय आणि भारत-चीन सगळ्यांच्या पुढे आहेत. जंगलतोडीची बोंब खोटी.’ सोबत हिरवागार नकाशा. नकाशा खरा आहे, पंचाईत मजकुराची आहे.

‘जग हिरवं होतंय.’ हो. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाच्या 2000 ते 2017 च्या नोंदींवरचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. जगातलं पानांचं क्षेत्रफळ साधारण 5 टक्क्यांनी वाढलं आणि त्यातला एक तृतीयांश वाटा या दोन देशांचा. इथवर वाद नाही.

‘म्हणजे भारतात जंगल वाढलं.’ इथे गाडी घसरते. त्याच अभ्यासात फोड दिली आहे: भारतातल्या वाढीपैकी 82 टक्के शेतीतली, जंगलाची जेमतेम 4.4. (चीनमध्ये जंगलाचा वाटा 42 टक्के, दोघांना एका माळेत ओवणंही चूकच.) जिथे एक पीक निघायचं तिथे सिंचनावर दोन-तीन निघू लागली, शेत वर्षातले जास्त महिने हिरवं राहू लागलं. मोडिसने ते इमानाने टिपलं. पाण्याचा हिशेब मात्र दुसऱ्याच उपग्रहांनी मांडला. ग्रेस ही उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजायची; जमिनीखालचं पाणी घटलं की तिथली ओढही किंचित घटते. 2002 ते 2008 या काळात पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि दिल्लीच्या पोटातलं शंभरावर घन किलोमीटर भूजल घटल्याचं तिच्या नोंदींतून कळलं. तो नकाशा कुणी फॉरवर्ड करत नाही!

‘उपग्रह खोटं बोलत नाही.’ नाही बोलत, पण विचाराल तेवढंच सांगतो. पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या फरकावरून हिरवेपणा काढतात. त्या आकड्याला ऊस, निलगिरी आणि देवराई सारखीच. शिवाय मोडिसच्या चित्रातला बारीकात बारीक ठिपका (पिक्सेल) 250 मीटरचा, त्यात शेत, झाडं, वस्ती सगळं कालवलं जातं. तोड शोधायची तर लँडसॅट उपग्रहांचा 30 मीटरचा किंवा सेंटिनेल-2 उपग्रहांचा 10 मीटरचा ठिपका घ्यावा, आणि दोन्ही चित्रं एकाच ऋतूतली हवीत. मे महिन्याच्या चित्राशेजारी सप्टेंबरचं ठेवलं की कोणताही उघडा माळ ‘हिरवा करून’ दाखवता येतो.

भारतीय वन सर्वेक्षणाचे आकडे पुढे करणाऱ्यांनी त्यातली व्याख्याही वाचावी: किमान 1 हेक्टर जागा आणि 10 टक्के झाडांचं छत्र, की ते वनाच्छादन. फळबागही त्यात बसते.

‘तिकडे तुटलं, इकडे वाढलं, हिशेब बरोबर.’ ब्राझील-इंडोनेशियातल्या नैसर्गिक जंगलाची हानी या हिरवळीने भरून निघत नाही, हे त्या अभ्यासाबद्दलच्या नासाच्या बातमीतच लिहिलं होतं. ब्राझीलची अंतराळ संस्था तर 1988 पासून अ‍ॅमेझॉनमधली तोड उपग्रहचित्रांवर मोजते आणि तिचा हिशेब फक्त मूळ जंगलाचा असतो. एकदा तुटलेली जागा पुढे कितीही हिरवी झाली, तरी ती त्या खात्यात परत जमा होत नाही.