बाकावर उभं राहून शिकवायचं असेल तर

बी.एड. झालंय, नाशकात गंगापूर रोडच्या एखाद्या शाळेत चिकटायचा विचार आहे आणि विषय मराठी किंवा इतिहास? मग अध्यापन पद्धतीचं पुस्तक रद्दीत घाला आणि पिक्चर बघा. गणितवाल्यांचंही एखाददुसरं निघतं म्हणा, पण लसावि काढताना मागे व्हायोलिन वाजवायचं म्हणजे अवघडच.

आधी पानं फाडायची. 'डेड पोएट्स सोसायटी'त (1989) सर झालेला रॉबिन विल्यम्स पोरांना पुस्तकाची प्रस्तावनाच फाडायला लावतो, कारण तिच्यात कवितेची थोरवी आलेखावर मोजायला सांगितलेली असते. आपल्याकडे फाडली तर रात्री साडेनऊच्या आत पालकांच्या ग्रुपवर फोटो, पण तुम्ही फाडा.

मग मेन गोष्ट, कविता पूर्ण वाचायची नाही. हाच सर अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या दोन वाटांच्या कवितेचा फक्त शेवट ऐकवतो, की बघा, कमी वर्दळीची वाट धरली म्हणून सगळं बदललं. वरची कडवी वाचली की घोळ होतो हो, तिथे तोच माणूस सांगून बसलाय की दोन्ही वाटा साधारण सारख्याच झिजलेल्या होत्या, म्हणजे शेवट ही पुढे कधीतरी उसासा टाकत मारायची फुशारकी आहे. आता ही गंमत आठवीच्या सत्तर पोरांना समजवायची तर दोन पिरियड जातात, मधे घंटा होते, कुणालातरी पाणी प्यायला जायचं असतं. पिक्चरमधल्या शाळेत घंटा सरांचं वाक्य संपल्यावरच होते.

इतिहास त्यामानाने सोपा. पोरं पांडवलेण्यावर न्या, पायऱ्या चढून सगळ्यांना धाप लागली की शहराकडे बघत हळू आवाजात म्हणा, "हे दगड बोलतात, बाळांनो." काय बोलतात ते विचारू द्यायचं नाही. नाहीतर सांगावं लागेल की इथे पांडव वगैरे कुणी नव्हते, ही बौद्ध भिक्खूंची लेणी, मग 3 नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत, त्यात तिनं आपल्या गेलेल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक केलंय आणि त्यानं क्षहरातांचा, म्हणजे त्याच्या शत्रू राजघराण्याचा, वंश उखडला असंही कोरलंय. लगेच मागून एक पोरगी बोलणार, "सर, आईनंच लिहिलंय म्हटल्यावर चांगलंच लिहिणार ना?" तिला गप्प करायला 10 नंबरला न्याल तर तिथे त्याच क्षहरातांच्या नहपान राजाचा जावई, उषवदात, सांगतोय की मी तीन लाख गाई दान केल्या. "मोजल्या कुणी?" झालं, पोरं विचार करायला लागली, आता भाषण कधी ठोकणार?

पेपरचे गठ्ठे पिक्चरमध्ये नसतात त्यामुळे त्यांचं काय करायचं ते मला विचारू नका, माझेच तीन पडलेत.

आणि नाशकात आहात म्हणजे 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची 'कणा' बसवावी लागणारच. पंचाईत अशी की त्या कवितेत सर आहेत पण त्यांना एकही वाक्य नाही, फक्त खिशाकडे हात जातो, आणि तेही चुकतं, कारण पोरगा पैसे मागायला आलेलाच नसतो. असला रोल कोण घेणार! तुम्ही सरळ शेवटची ओळ कोरसमध्ये घ्या, मुठी वळून, माईक फुल. सरांच्या खुर्चीत पाचवीतला एखादा गप्प पोरगा बसवा, त्याला पाठांतर नाही.