भाव जाहीर, पण थांबायचं कशाच्या जोरावर?

२०२४च्या दिवाळीत मामांचा फोन आला. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, पण अडत्याला त्यांनी क्विंटलला चार हजारांच्या आसपास देऊन टाकलं. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून पोती परत आली होती. पुढे १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळाली, तोवर मामांच्या घरातलं सोयाबीन विकून झालं होतं.

त्यावरून घरच्या व्हॉट्सअॅप गटावर जुंपली. हमीभावाचा कायदा करा, असं अर्ध्यांचं म्हणणं; बाजार मोकळा सोडा, असं उरलेल्यांचं. आतेभावाने मलाच विचारलं, "तुमच्या हॉलंडात लोक आपणहून शेतकऱ्याला जास्त पैसे देतात ना? तसं फेअर ट्रेड इथे का नको?"

फेअर ट्रेड म्हणजे शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव देऊन घेतलेल्या मालावरचं चिन्ह. त्या चिन्हाची कॉफी मी इथे उट्रेख्तमध्ये रोज पिते, म्हणून हे उत्तर.

चिन्ह इथलंच. १९८८ साली 'मॅक्स हावेलार' या नावाने ते आलं, ते मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या 'युसिरी' या आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या कॉफीवर. तिथे राहून काम करणारे डच पाद्री फ्रान्स व्हान डर होफ यांच्यापाशी शेतकऱ्यांनी मदत मागितली नव्हती, भाव मागितला होता. "भीक नको, हवे घामाचे दाम" हेच ते. (ही घोषणा आपल्याकडे रुजवणारे शेतकरी संघटनेचे शरद जोशीही स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आले होते.)

त्या भावाने माणसं तगली, हे मी मानते. कोणत्या देशाने किती कॉफी विकायची हे ठरवून भाव सांभाळणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत १९८९मध्ये कोसळली. २००१मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली, तेव्हा फेअर ट्रेडचा किमान भाव १ डॉलर २१ सेंट होता.

पण तो भाव चिन्हाखाली विकल्या गेलेल्या पोत्यांनाच. संस्थांचा बराचसा माल साध्या बाजारातच जातो, कारण तेवढं गिऱ्हाईकच नसतं. म्हणजे मामांसारखंच: भाव आहे, घेणारा नाही. आणि तेजीत उलटा घोळ. २०२५च्या फेब्रुवारीत बाजारातला दर पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. अशा वेळी दलाल रोख पैसे घेऊन दारात येतात आणि आधीच्या दराने करार करून बसलेल्या संस्थेला सभासदांकडून माल मिळत नाही. आपल्याकडच्या उसाच्या पळवापळवीसारखंच हे.

मला यातलं घ्यावंसं वाटतं ते वेगळंच, आणि पाकिटावर ते दिसतही नाही. संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने कराराच्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ मिळवून द्यायचं, असा नियम आहे. मामांना भाव माहीत नव्हता असं नाही. खताची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, सण; त्यांना दोन आठवडे थांबता आलं नाही.

असं थांबण्यासाठी महाराष्ट्रात १९९०पासून शेतमाल तारण योजना आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचला. आमच्या गटावरच्या शेकडो संदेशांत तिचं नाव एकदाही आलं नाही. बाजार मोकळा असो की कायद्याने बांधलेला, ज्याला आजच विकायचंय त्याच्या हातात काय पडणार?

मामांना विचारलं, तुमच्या बाजार समितीत तारण मिळतं का? गोदाम आहे म्हणाले, पण आपला माल तिथे ठेवता येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.