‘डोळ्यांसमोर कापलेली कोंबडी सुरक्षित’: हा दावा कुठे फसतो

सध्या फिरत असलेल्या एका मजकुराचा आशय असा आहे: जिवंत कोंबड्यांच्या बाजारात जाऊन डोळ्यांसमोर कापून घेतली, तर बर्ड फ्लूची भीती नाही. आजारी पक्षी लगेच ओळखू येतो, ओटे रोज धुतले जातात, उरलासुरला विषाणू शिजवताना मरतो, आणि इतकी वर्षं असे बाजार भरताहेत, काही झालं का?

यातलं शिजवण्याचं वाक्य तेवढं खरं आहे, पण तेही चुकीच्या जागी वापरलं आहे.

‘आजारी पक्षी लगेच ओळखू येतो’

एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या अतिघातक प्रकारात कोंबडी आजारी दिसते हे खरं. तुरा निळा-जांभळा पडतो, डोक्याला सूज येते, पायांवर रक्ताचे ठिपके दिसतात आणि कळपात एकाएकी मरतूक सुरू होते. पण ही लक्षणं दिसायच्या आधीच लाळेतून आणि विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो. बदकांचं तर आणखी वेगळं आहे. कित्येकदा ती ठणठणीत दिसतात, पोहतात, खातात आणि त्याच वेळी विषाणू सोडत राहतात.

सगळ्यात मोठा धडा एच७एन९ या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या विषाणूने दिला. २०१३मध्ये चीनमध्ये हा विषाणू माणसांत सापडला तेव्हा बाजारातल्या कोंबड्या निरोगी दिसत होत्या. त्यांच्यात तो सौम्य होता, माणसांत मात्र जीवघेणा. पुढच्या काही वर्षांत प्रयोगशाळेत खात्री झालेल्या १,५६८ रुग्णांपैकी ६१६ दगावले. ज्या पक्ष्यांकडे बघून कुणालाही शंका आली नसती, त्यांच्याच संपर्कातून यातले बहुतेक आजारी पडले. एच९एन२ हा आणखी एक प्रकारही असाच गुपचूप फिरतो. त्यामुळे पिंजऱ्यातला पक्षी तरतरीत आहे एवढ्यावरून तो विषाणूमुक्त आहे असं म्हणता येत नाही.

‘ओटे रोज धुतले जातात’

इथे जरा थांबायला हवं, कारण खरा घोटाळा इथेच आहे.

आधी धुण्याबद्दल. विष्ठा, रक्त आणि पिसं चिकटलेल्या ओट्यावर थेट जंतुनाशक ओतलं, तर त्यातलं क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं आणि विषाणू खाली सुरक्षित राहतो. जोरदार पाइप मारला, तर घाण निघण्याऐवजी बारीक तुषार होऊन शेजारच्या पिंजऱ्यांवर आणि धुणाऱ्याच्या तोंडावर उडते. योग्य क्रम असा: पक्षी पूर्ण हलवा, सुकी घाण खरवडून गोळा करा, साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन निथळू द्या, मगच सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) लावा. बाटलीतलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल, तर १ भाग द्रावणात ४९ भाग पाणी घातलं की ०.१ टक्क्याचं होतं. पृष्ठभाग निदान १० मिनिटं ओला राहिला पाहिजे, नंतर धुऊन पूर्ण वाळवायचा. द्रावण रोज ताजं करावं, कारण उन्हात आणि उघड्यावर त्याची ताकद उतरते. त्यात आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. लाकडी किंवा बांबूच्या खुराड्यांच्या भेगा यातून साफ होत नाहीत, म्हणून प्लास्टिकचे क्रेट बरे. वाळवणं टाळू नये: थंड, ओल्या विष्ठेत, ४ अंश सेल्सिअसला, विषाणू महिनाभरसुद्धा टिकू शकतो, तर ३७ अंशांना सुमारे ६ दिवस.

आता त्याहून महत्त्वाचं. बाजार कितीही धुतला, तरी तो रिकामा झाला नाही तर उपयोग थोडाच. सकाळी निरोगी आलेली कोंबडी कालच्या उरलेल्या पक्ष्यांकडून विषाणू घेते. ती दोन-तीन दिवस विकली गेली नाही, तर परवा येणाऱ्या नव्या कोंबड्यांना तो देते. रोज नवे पक्षी येतात, जुने थोडे राहतात आणि साखळी तुटतच नाही. विषाणू बाजारातून नुसता जात नाही, तिथे मुक्काम करतो.

म्हणून हाँगकाँगने २००१पासून दर महिन्याला एक खाडा लावला: सगळे पक्षी विकून किंवा कापून संपवायचे, बाजार धुवायचा, मगच नवा माल. पुढे खाडे दोन झाले, आणि २००८मध्ये किरकोळ बाजारात जिवंत पक्षी रात्रभर ठेवायलाच बंदी आली. एकही पक्षी नसलेली रात्र जे काम करते, ते रोजच्या धुण्याने होत नाही.

‘शिजवताना मरतो’

मरतो. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस पोचलं आणि गुलाबीपणा उरला नाही, की धोका संपतो. पण संसर्ग भांड्यातून होत नाही, त्याच्या आधी होतो. पक्षी पकडताना तो फडफडतो आणि वाळलेली विष्ठा हवेत उडते. पिसं काढायच्या यंत्राचा ड्रम फिरताना त्यातून तुषार उडतात, आतडी काढताना हात माखतात आणि तोच हात डोळ्याला लागतो. ‘डोळ्यांसमोर कापून घेणं’ म्हणजे नेमक्या याच वेळी हातभर अंतरावर उभं राहणं. गिऱ्हाईक काही मिनिटं उभं असतं. कापणारा माणूस दिवसभर, वर्षानुवर्षं. त्याच्याबद्दल या मजकुरात एक शब्दही नाही याचं फार वाईट वाटतं. कापणी भिंतीआड, ड्रमवर झाकण, आणि कापणाऱ्याला मास्क, चष्मा, हातमोजे, एप्रन, गमबूट हवेत. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत.

‘काही झालं का?’

झालं. १९९७मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ने १८ जण आजारी पडले, ६ मेले. आजारी पडण्याआधीच्या आठवड्यात जिवंत पक्ष्यांच्या बाजारात जाण्याशी त्याचा संबंध दिसला. वर्षअखेरीस दहा लाखांहून जास्त पक्षी मारल्यावर ती लाट थांबली. एप्रिल २०१३मध्ये शांघाय, हांगचौ, हुचौ आणि नानजिंग इथले बाजार बंद केल्यावर तिथले एच७एन९चे नवे रुग्ण ९७ ते ९९ टक्क्यांनी घटले.

माणसाला हा संसर्ग सहसा होत नाही आणि माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही, हेही खरं. घाबरवण्याचा हेतू नाही. पण बाजार म्हणजे माणसाला लागणीची एक जागा एवढंच नाही. तिथे बदकं, लावे आणि कोंबड्या शेजारी ठेवल्या की वेगवेगळे विषाणू एकमेकांची जनुकं घेतात. १९९७च्या विषाणूची आतली जनुकं लाव्यांमधल्या एच९एन२शी जुळणारी होती. हाँगकाँगने आधी बदकं आणि हंस, मग २००२मध्ये लावे वेगळे काढले ते याच कारणाने. शिवाय न विकला गेलेला पक्षी, न धुतलेला क्रेट आणि गाडीची चाकं हे सगळं फार्मवर परत जातं. म्हणून बाजारात आलेला पक्षी जिवंत परत न्यायचाच नाही, आणि रिकामे क्रेट धुऊन, जंतुनाशक लावून, वाळवूनच गाडीत चढवायचे.

बाजार एका रात्रीत सरसकट बंद करा असंही नाही. पर्याय न देता बंदी घातली, तर विक्री आडबाजूला जाते आणि पक्षी दुसऱ्या भागातल्या बाजारांत पाठवले जातात, सोबत विषाणूही.

पक्ष्यांशी संपर्क आल्यावर १० दिवसांच्या आत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणं सुरू झालं, तर डॉक्टरांना तो संपर्क स्वतःहून सांगा. त्यांना तो आपोआप कळत नाही, आणि ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.