जेवणावर बिझनेस क्लासचं तिकीट वसूल होत नाही, दादा

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. मला तीन ग्रुपवर आला आणि चौथ्यांदा आमच्या आत्येभावाने, म्हणजे दादाने, पर्सनलवर पाठवला. मजकूर थोडक्यात असा: बिझनेस क्लासचं तिकीट महाग नसतंच मुळी, कारण मिशेलिनवाला, म्हणजे रेस्टॉरंटच्या जगातला सगळ्यात मानाचा स्टार मिळालेला शेफ तुमच्यासाठी जेवण बनवतो, ते विमानातच ताजं तयार होतं, वर वीस हजारांची शॅम्पेन हवी तेवढी, आणि आकाशात तर वाईन आणखी खुलते, त्यामुळे नीट खाल्लं-प्यायलं तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. शेवटी हात जोडलेला इमोजी, तो कशासाठी देव जाणे.

मी पूर्वी मुंबईत सहार विमानतळाजवळच्या एका फ्लाईट किचनमध्ये, म्हणजे विमानांसाठी जेवण बनवतात तिथे, चार वर्षं काढलीत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

पहिलं, "मिशेलिन स्टारवाला शेफ बनवतो". मोठ्या शेफची नावं एअरलाईन्सबरोबर जोडलेली असतात हे खरंच आहे. सिंगापूर एअरलाईन्सने १९९८ मध्ये शेफ लोकांचं एक पॅनलच बनवलं, आपले संजीव कपूरही त्यात आले, आणि ब्रिटिश एअरवेजने २०११ च्या सुमारास हेस्टन ब्लूमेंथल या नावाजलेल्या ब्रिटिश शेफला बोलावलं होतं. पण ही मंडळी रेसिपी देतात, चव बघतात, फोटो काढतात. रोजचं जेवण बनवतो तो किचनमधला कमर्शियल कुक, भल्यामोठ्या टिल्टिंग पॅनमध्ये, आणि त्याच्यासमोर भिंतीवर एक कार्ड असतं ज्यावर लिहिलेलं असतं की चिकन इतके ग्रॅम, ग्रेव्ही इतके ग्रॅम, कोथिंबिरीचं पान कुठल्या बाजूला. त्यात त्याची कला कमी असते असं मी म्हणत नाही, उलट एकाच चवीचे शेकडो पोर्शन काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण मेनूकार्डावर ज्याची सही छापलीय त्याने तुमच्या प्लेटला हात लावलेला नसतो एवढंच. टर्किश एअरलाईन्सच्या लांबच्या फ्लाईटला टोपीवाला शेफ खरंच विमानात असतो, तोही गरम करतो आणि प्लेट सजवतो, फोडणी देत नाही.

फोडणीवरून आठवलं, दुसरा दावा: "विमानात ताजं बनतं". नाही हो. विमानात उघडी आग चालत नाही, त्यामुळे गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या किचनमध्ये, असतात मुख्यतः ओव्हन, गरम हवेवर किंवा वाफेवर चालणारे. जेवण जमिनीवर शिजतं, लगेच ब्लास्ट चिलरमध्ये, म्हणजे झटपट गार करणाऱ्या कपाटात, घालून ५ अंशाच्या खाली आणतात, मग कॅसरोलमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये जाणाऱ्या छोट्या डब्यात, भरायचं, झाकण लावायचं, ट्रॉलीत घालायचं, हाय-लोडरवर, म्हणजे विमानाच्या दारापर्यंत उचलणाऱ्या ट्रकवर, चढवायचं, आणि वर गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं गरम करायचं. इकॉनॉमीलाही हेच आणि बिझनेसलाही हेच. फरक असतो तो कच्च्या मालात, चिनीमातीच्या प्लेटमध्ये, पांढऱ्या टेबलक्लॉथमध्ये, आणि क्रूच्या हातात तुमच्यासाठी किती मिनिटं आहेत त्यात. हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही, पण तो स्वयंपाकाचा फरक नाही.

आणि इथेच खरी गंमत आहे जी मेसेजवाल्याला माहीतच नाही. दुसऱ्यांदा गरम केल्यावर कुठला पदार्थ जगतो आणि कुठला मरतो यावर सगळं अवलंबून असतं, किमतीवर नाही. स्टेक मरतो, किचनमध्ये तो मुद्दाम अर्धाकच्चा ठेवतात तरी ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत चपलेचा तळवा. मासा कोरडा पडतो, ऑम्लेट रबर होतं, कुरकुरीत म्हणून लिहिलेलं काहीही लिबलिबीत होऊन येतं, कारण झाकणाखाली वाफ कोंडते. आमच्याकडे एकदा नाश्त्याला साबुदाणा वडा ठेवायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं, ट्रायलला ओव्हनमधून निघाला तो वडा नव्हता, काय होतं ते आम्ही कुणीच बोललो नाही. याउलट डाळ, राजमा, छोले, उसळ, मंद आचेवर शिजलेलं मटण, कोर्मा, म्हणजे ज्याला रस आहे आणि जे आपल्या घरीही दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, ते वरही चांगलं लागतं. त्यामुळे लाखाच्या सीटवर बसून लॉब्स्टर मागवणारा माणूस बऱ्याचदा मागे इकॉनॉमीत राजमा-चावल खाणाऱ्यापेक्षा वाईट जेवतो. मी स्वतः हे पाहिलंय आणि एकदा, कबूल करतो, भोगलंयही.

मेनू पास कसा होतो तेही सांगतो. एका एअरलाईनचे लोक यायचे, एसी खोलीत लांब टेबल, पांढऱ्या प्लेटा, आमचा शेफ पदार्थ तव्यावरून थेट प्लेटमध्ये आणायचा, सगळे माना डोलवायचे, फोटो, सही. कॅसरोलमधून चिल करून, गरम करून कुणी चाखलाच नाही. पुढे सहा महिने पॅसेंजर तक्रारी करणार आणि शिव्या कुक खाणार.

आता वाईन. "वीस हजारांची शॅम्पेन" हे सगळ्यात लबाड वाक्य आहे, कारण त्यात दोन चुका एकात एक बसवल्यात. एक तर जी बाटली फोटोत दाखवतात ती बहुतेकदा फर्स्ट क्लासची असते. एमिरेट्सचंच बघा, डॉम पेरिन्यों फर्स्टमध्ये, बिझनेसला मोएत किंवा व्हव क्लिको. वाईट नाहीत, चांगल्याच आहेत, पण त्या वेगळ्या बाटल्या आहेत. दुसरं म्हणजे किंमत मुंबईच्या दुकानातली धरलीय. आपल्याकडे इम्पोर्टेड वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी लागत आलीय, त्यावर राज्याचा कर, त्यावर दुकानदाराचा नफा. एअरलाईन ती बाटली ड्यूटीशिवाय, घाऊक, कंटेनरने घेते, आणि शॅम्पेन कंपनीलाही आपलं नाव तिथे दिसायला हवंच असतं. म्हणजे तुम्ही वसूल करताय तो बराचसा आपल्या सरकारचा टॅक्स, जो एअरलाईनने कधी भरलेलाच नाही!

"आकाशात वाईन खुलते" हे तर उलटंच आहे. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच वर, आणि त्यात ओलावा २० टक्क्यांच्याही खाली. नाक सुकतं, आणि वाईनची निम्म्याहून जास्त मजा नाकातच असते. २०१० मध्ये जर्मनीत होल्झकिर्खेनला फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी जुन्या एअरबसचा तुकडा प्रेशर चेंबरमध्ये घालून लोकांना आत बसवून जेवू घातलं, तर मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवली. त्यात इंजिनाचा आवाज. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये ४८ जणांना ८५ डेसिबलचा आवाज ऐकवत चव बघायला लावली, गोड दबलं आणि उमामी, म्हणजे टोमॅटो-मशरूममध्ये असते ती चव, वाढली, म्हणून तर जमिनीवर टोमॅटो ज्यूसकडे ढुंकून न बघणारे लोक विमानात तो मागून पितात. वाईनचं काय होतं, तर फळांचा वास दबतो आणि टॅनिनचा तुरटपणा वर येतो, त्यामुळे जड, महाग, जुनी बोर्डो, म्हणजे फ्रान्सची रेड वाईन, वर लाकूड चघळल्यासारखी लागू शकते आणि नाशिकची साधी फ्रूटी व्हाईट वाईन, शेनिन ब्लांक, भाव खाऊन जाईल. एअरलाईनच्या वाईन निवडणाऱ्यांना हे माहीत असतं, सिंगापूरवाले तर त्यासाठी प्रेशर कमी केलेल्या खोलीत बसून टेस्टिंग करतात. वर जाऊन वाईन खुलत असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

याच कारणाने "विमानातलं सगळंच बेचव" म्हणणारेही चुकतात बरं का. मसाला, आंबट, टोमॅटो, मशरूम, चिंच हे सगळं टिकतं. चहा मात्र खरंच वाईट, कारण तिथे पाणी ९२-९३ अंशालाच उकळतं, त्याला कुणाचा इलाज नाही.

राहिलं "जेवढी प्याल तेवढं वसूल". हिशोब तर करा. मुंबई-लंडन बिझनेसचं रिटर्न आणि इकॉनॉमीचं रिटर्न यात लाखाच्या वर फरक सहज असतो. मुंबईतल्या चांगल्या फाईव्ह स्टारमध्ये दोघांनी वाईनसकट हात सैल सोडून जेवलं तरी त्याच्या जवळपासही जाणार नाही. एअरलाईन हा धंदा कसा बघते ते ऐकायचं तर अमेरिकन एअरलाईन्सचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांचं बघा, त्यांनी १९८७ मध्ये सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढून वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले म्हणतात. ऑलिव्ह मोजणारे लोक लाखभराचं जेवण फुकट वाढतील का? तुम्ही पैसे देता ते आडवं झोपता येणाऱ्या सीटचे. ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये बिझनेसला सपाट बेड आणला तेव्हापासून सगळी मारामारी त्याचीच आहे.

आणि ढोसून त्याच बेडवर झोपणार असाल तर आणखी एक. २०२४ मध्ये जर्मन एरोस्पेस सेंटरच्या लोकांनी ४८ तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग केला, त्यातल्या निम्म्यांना दोन ग्लास वाईनइतकी दारू पाजून आठ हजार फुटांच्या हवेत झोपवलं, तर झोपेत रक्तातला ऑक्सिजन साधारण ८५ टक्क्यांवर आला आणि ठोके वाढले. कोविडमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेल्या आपल्या लोकांना ८५ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दादाला बीपी आहे.

तो पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला चाललाय, कंपनीच्या पैशाने, म्हणूनच त्याला हा मेसेज इतका आवडलेला. मी हे सगळं त्याला लिहून पाठवलं, वर सांगितलं की दोन दिवस आधी एशियन व्हेजिटेरियन बुक करून ठेव, डाळ येईल आणि सगळ्यांच्या आधी येईल, स्टेकच्या नादी लागू नकोस. निळ्या टिक्स आल्या. पाच मिनिटांनी उत्तर आलं, शॅम्पेनच्या ग्लासांचे दोन इमोजी.